तंबोऱ्याची खुंटी, मणके आणि घोडी : खान्देशात सुटे भाग कसे मिळवावेत?

बोरीकाठ (अमळनेर), २ मे, रात्री ९.१०

नमस्कार. आमच्या घरी आजोबांनी १९६४ साली मिरजेहून आणलेला चार तारांचा तंबोरा आहे. गेली कित्येक वर्षे तो गवसणीतच होता. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या मुलींना खऱ्या तंबोऱ्यावर सूर लावायला मिळावा म्हणून यंदा तो बाहेर काढला, तेव्हा खर्जाची (सर्वांत खालच्या सुराच्या तारेची) खुंटी मुठीपासून खाली उभी चिरलेली, तारांत ओवलेल्या चारपैकी दोन मणके (मणी) हरवलेले आणि तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्यावर तारांच्या खोल रेघा पडलेल्या, अशी त्याची अवस्था दिसली. भोपळा, तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) आणि दांडी मात्र सुदैवाने शाबूत आहेत.

अमळनेर, धुळे आणि जळगाव येथील वाद्यांच्या दुकानांत विचारून झाले. तेथे पेटी, तबला, ढोलकी आणि गिटारच्या तारा मिळतात; तंबोरा हवा असल्यास ते अख्खा मागवून देतात, परंतु एक खुंटी मागितली की दुकानदार आपल्याकडे जरा विचित्र नजरेने पाहतो. शेवटी ‘सतार-तंबोऱ्याच्या खुंट्या’ अशी जाहिरात पाहून चार खुंट्या घरपोच मागवल्या. त्यांतील एक छिद्रात घातली तर विहिरीत पोहरा सोडावा तशी ती थेट आत गेली. आमच्या ओळखीच्या सुतारकाकांनी ती चिरलेली खुंटी हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिली आणि “हाई काम मनाकन व्हवाव नही” असे म्हणून परत दिली.

संपूर्ण वाद्य मिरजेला न नेता यांपैकी कोणते भाग टपालाने मागवता येतील, त्यांची मापे कशी घ्यावीत आणि काही काम इकडेच करून घेता येईल का, याविषयी अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

सहज, २ मे, रात्री १०.०२

ताई, हल्ली मोबाईलवर तंबोऱ्याचे चांगले ॲप मिळते, हव्या त्या पट्टीत लावता येते. एवढा खटाटोप खरोखर आवश्यक आहे का?

बोरीकाठ, २ मे, रात्री १०.२०

ॲप मी रोज वापरते. परंतु सूर आधीच लागलेला असेल, तर तो लावायचा कसा हे मुलींना शिकवायचे कशावर? खुंटी पिळून आणि मणका सरकवून दोन जोड (मधल्या दोन एकाच सुराच्या तारा) एकमेकांत मिळताना कान जे शिकतो, ते तयार सुरावर शिकता येत नाही.

गिरणाकाठ (चाळीसगाव), ३ मे, सकाळी ७.४५

बोरीकाठ ताई, मी निवृत्त फिटर आहे. गाण्यातले मला विशेष कळत नाही, पण निमुळता दांडा आणि निमुळते छिद्र हा माझा आयुष्यभराचा विषय होता, म्हणून खुंटीपुरते लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे चिरलेली खुंटी कदापि टाकू नका, कारण तुमच्याकडे असलेला एकमेव नमुना तोच आहे. तंबोऱ्याची खुंटी हाताने घडवलेली असते आणि ज्या छिद्रात ती बसवली, त्या छिद्रापुरतीच ती बरोबर असते. एकाच तंबोऱ्याच्या चार खुंट्याही एकमेकींच्या जागी बसत नाहीत. म्हणून चारही बाहेर काढण्यापूर्वी प्रत्येकीवर आणि तिच्या छिद्राशेजारी पेन्सिलीने आकडा घाला. पुढे तासभर डोके खाजवावे लागत नाही.

आता माप. पोकळ दांडीतून जाताना खुंटी दोन भिंतींना घासते, मधल्या भागात ती कशालाच टेकत नाही. जुन्या खुंटीवर नीट पाहिले तर घासून काळसर चकाकी आलेले दोन पट्टे दिसतील. व्हर्नियर कॅलिपरने त्या दोन्ही पट्ट्यांच्या मध्यावरचा व्यास आणि दोन्ही मध्यांमधले अंतर घ्या. समजा जाड बाजूला १७.२ मिमी, बारीक बाजूला १४.६ मिमी आणि अंतर ५२ मिमी भरले, तर ५२ मिमी लांबीत २.६ मिमी घट झाली, म्हणजेच निमुळतेपणा २० ला १ आहे. हे तीन आकडे ज्याच्याजवळ आहेत, त्याला खुंटीचा फोटो पाठवण्याची गरज नाही. आणि ज्याच्याजवळ नाहीत, त्याने दहा फोटो पाठवले तरी उपयोग नाही. तुम्ही मागवलेल्या खुंट्या बहुधा सतारीच्या असाव्यात.

व्यास एकाच दिशेने न घेता खुंटी काटकोनात फिरवून दोनदा घ्या. दोन्ही मापांत फरक आला तर खुंटी झिजून लंबगोल झाली आहे असे समजावे, आणि तसे असल्यास छिद्रही लंबगोल झालेले असण्याची शक्यता असते.

गजप्रेमी (धुळे), ३ मे, दुपारी १.३०

मी व्हायोलिन वाजवतो. आमच्याकडे आबनुसाच्या खुंट्यांचे तयार संच सहज आणि स्वस्तात मिळतात आणि छिद्र घडवण्याचे निमुळते हत्यारही मिळते. जाड मापाचा संच घेऊन तो तंबोऱ्याला बसवता येणार नाही का?

गिरणाकाठ, ३ मे, दुपारी ३.१०

गजप्रेमी, आपण म्हणता ते तयार संच मिळतात याचे कारण व्हायोलिनच्या खुंटीचे प्रमाण जगभर ठरून गेले आहे. तिचा निमुळतेपणा ३० ला १ असतो आणि भिंतीपाशी व्यास साधारण ८ मिमीच्या आसपास असतो. ती तंबोऱ्याच्या छिद्रात बसवायची, तर आधी छिद्र बुजवून नव्याने पाडावे लागेल. एका खुंटीसाठी साठ वर्षांच्या दांडीला भोक पाडणे मला पटत नाही. छिद्राला हात लावायचा नाही, छिद्र सांगेल तशी खुंटी घडवायची.

तापीपूर्णा (मुक्ताईनगर), ३ मे, रात्री ८.५५

मणक्यांविषयी माझा अनुभव सांगतो. आमच्या भजनी मंडळाची वीणा सप्ताहात अहोरात्र कोणा ना कोणाच्या गळ्यात असते आणि पहारा बदलतानाही ती खाली ठेवायची नसते, त्यामुळे तिची छोटीमोठी दुरुस्ती दरवर्षी सप्ताहाच्या आधी उरकावी लागते. त्या गरजेतून मी बरेच प्रयोग करून पाहिले आहेत.

मणका हा शोभेचा दागिना नाही. घोडीवरून निघालेली तार लंगोटाकडे (भोपळ्याच्या बुडाशी तारा अडकवतात त्या पट्टीकडे) उतरत जाते आणि तार व तबली यांच्यामधली जागा लंगोटाजवळ निमुळती होत जाते. मणका या फटीत पाचरीसारखा काम करतो. लंगोटाकडे सरकवला की तारेचा ताण वाढतो आणि सूर किंचित चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. यावरून मणक्याचे माप आपोआप ठरते. लहान मणका तबलीला टेकतच नाही आणि तारेवर नुसता लोंबकळत राहतो. मोठा मणका घोडीजवळच अडकतो व त्याला सरकायला वाव उरत नाही. उरलेल्या दोन मणक्यांचा व्यास मोजा, परंतु तेवढ्यावर न थांबता घोडी आणि लंगोट यांच्या मध्यावर तार तबलीपासून किती उंच आहे, हेही मोजा. चांगला मणका या मध्याच्या आसपास बसलेला असावा, म्हणजे दोन्ही बाजूंना सरकवता येतो.

पदार्थाविषयी सांगायचे तर काचेचा मणी घेऊ नये, तो तबलीवर ओरखडे पाडतो आणि एखाद्या दिवशी तारेवरच फुटतो. मी एकदा तुळशीच्या माळेतला मणी घालून पाहिला. एक तर ते लाकूड मऊ असल्यामुळे तारेने महिनाभरात त्यात खाच पाडली, आणि दुसरे म्हणजे आमच्या वीणेकरी बाबांनी तो पाहिल्यावर जे ऐकवले ते येथे लिहिण्याजोगे नाही. सध्या मी जाड प्लास्टिकचे, कडा गुळगुळीत केलेले मणी वापरतो. हाडाचे मणी अधिक चांगले असतात. हा एक भाग मात्र टपालाने निःशंकपणे मागवता येतो.

सातपुडा (शहादा), ४ मे, सकाळी ११.२०

खुंटी इकडेच करून घ्यायची असल्यास लाकडासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. आपल्या भागातल्या अंजन झाडाचे लाकूड इतके कठीण असते की बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्याला ते वापरत. मी माझ्या दिलरुब्याच्या दोन खुंट्या जुन्या अंजनाच्या तुकड्यातून करून घेतल्या आणि सहा वर्षांत त्या तसूभरही झिजलेल्या नाहीत.

खर्ज (मूळ भुसावळ, सध्या सांगली), ४ मे, रात्री १०.४०

सातपुडा यांच्या खुंट्या झिजल्या नाहीत यात आश्चर्य नाही. त्यांनी छिद्रे किती झिजली आहेत ते एकदा पाहावे. तंबोऱ्याची दांडी बहुधा तुणीची असते आणि तूण हे मऊ लाकूड आहे. खुंटी दांडीपेक्षा कठीण हवी हे खरे, म्हणूनच ती शिसवाची करतात. पण अंजनासारखे लाकूड तुणीत फिरवत राहिले तर झीज सगळी छिद्राच्या वाट्याला येते. खुंटी बदलता येते, छिद्र बदलता येत नाही.

नोकरीनिमित्त सांगलीत असल्यामुळे मिरजेच्या सतारमेकर गल्लीत माझे वरचेवर जाणे होते. तेथील हा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागिरांनी तो सुरू केला आणि फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव त्यांत प्रथम घेतले जाते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. हे सांगण्याचे कारण असे की, ताईंचा तंबोरा ज्या पद्धतीने घडला, ती पद्धत आणि त्या पद्धतीचे सुटे भाग आजही तेथे चालू आहेत, ते कोणत्याही संग्रहालयात जाऊन बसलेले नाहीत.

तेथे कारागिराकडे तयार खुंटीऐवजी ‘कोरी खुंटी’ मागावी. मूठ कोरलेली, पण दांडा अजून उतरवलेला नाही, म्हणजे हव्या त्या मापापेक्षा जाडच ठेवलेला, अशी ती असते. गिरणाकाठ काकांनी सांगितलेले तीन आकडे कळवले आणि जाड बाजूला दोन-तीन मिमी जास्त ठेवायला सांगितले, की ती टपालाने पाठवता येते. शिवाय जुन्या खुंटीच्या मुठीची कागदावर बाह्यरेषा काढून पाठवा, म्हणजे चारांत एक परकी दिसणार नाही.

घोडीची गोष्ट निराळी आहे. ताईंना नवी घोडी हवीच आहे का, हे आधी तपासावे. घोडीचा माथा सपाट दिसला तरी त्याला अतिशय मंद उतार दिलेला असतो. थरथरणारी तार त्या उताराला टेकत-सुटत राहते आणि त्यातून तो भरलेला, गुंजणारा नाद निघतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीचा अभ्यास केला होता. साध्या तारेला ज्या बिंदूवर छेडावे, त्या बिंदूवर स्थिर राहणारे उपस्वर ऐकू येऊ नयेत असा नियम आहे, आणि तंबोऱ्याची तार तो पाळत नाही, हे त्यांनी दाखवले. गजप्रेमींना यावरून कळेल की, कडेवर तार टेकवणारी व्हायोलिनची घोडी येथे का चालणार नाही.

रेघा पडल्या म्हणजे घोडी गेली असे नाही. जवारी काढणारा, म्हणजे माथा घासून हा नाद जुळवणारा कारागीर रेघांच्या तळापर्यंत माथा कानशीने उतरवतो आणि उतार पुन्हा देतो. सतारीला पडदे असल्यामुळे तेथे उंची घटली की वाजवण्यात अडचण येते. तंबोऱ्याला पडदेच नाहीत, त्यामुळे एखादा मिमी उंची कमी झाली तरी बिघडत नाही, आणि फारच घटली तर पायांखाली लाकडाची पातळ चकती देतात. परंतु हे काम टपालाने होत नाही. कानस एकदा फिरवायची, तार छेडून ऐकायची, घोडीवर तारेखाली घातलेले सूत सरकवून पुन्हा ऐकायचे, असे ते चालते. आणि तारेचा घोडीवरचा कोन त्या वाद्याची अटी (खुंट्यांच्या बाजूला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) किती उंच आहे यावर अवलंबून असल्यामुळे वाद्य समोर असावेच लागते. तयार जवारीची घोडी घरी मागवून तबलीवर ठेवली आणि तंबोरा बोलू लागला, असे मी तरी अद्याप पाहिलेले नाही.

जुनी घोडी हस्तिदंत किंवा शिंगाची असेल, तर तशीच नवी शोधत बसू नका. हस्तिदंताचा आणि सांबरशिंगाचा व्यापार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतो. आता उंटाचे हाड, आबनूस किंवा कठीण कृत्रिम पदार्थ वापरतात.

वाद्य नेण्याचा प्रसंग आलाच, तर जळगावहून किंवा चाळीसगावहून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट मिरजेला जाते. तारा सैल कराव्यात, पण पूर्ण उतरवू नयेत. घोडी बहुधा चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच ती जागेवर राहते. म्हणून पाय कोठे टेकले आहेत ते पेन्सिलीने नोंदवून घोडी वेगळी काढून ठेवावी लागलीच, तर तिचा मागचा-पुढचा भाग कोणता हेही तिच्याच पोटाशी लिहून ठेवावे.

सातपुडा, ५ मे, सकाळी ९.०५

पाहिले. एका खुंटीभोवती फट दिसते आहे. शिसवाविषयी आपले म्हणणे मान्य.

बोरीकाठ, २१ जून, सायंकाळी ६.३०

सर्वांचे मनापासून आभार. उशिरा लिहीत आहे, कारण काम पुरे झाल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

मापे जाड बाजूला १६.८, बारीक बाजूला १४.४ आणि अंतर ५० मिमी अशी भरली. खर्ज यांच्या सांगण्यावरून मिरजेहून शिसवाच्या तीन कोऱ्या खुंट्या मागवल्या. एक बिघडली तर दुसरी असावी, हा हिशेब. पलंगाचे पाय आणि पाळण्याचे दांडे करणारे एक कातारी येथे आहेत, त्यांच्याकडे मी पत्र्याचा साचा कापून घेऊन गेले. त्यांनी लेथवर दांडा उतरवताना तो साच्यापेक्षा केसभर जाडच ठेवला. उरलेले काम ज्या सुतारकाकांनी आधी नकार दिला होता, त्यांनीच केले. खुंटी छिद्रात फिरवायची, जेथे चकाकी येईल तेथे काचेच्या तुकड्याने हलके खरवडायचे आणि पुन्हा फिरवायचे, असे दोन संध्याकाळी चालले. गिरणाकाठ काकांनी फोनवर एक गोष्ट बजावून सांगितली होती आणि तिने आम्हाला वाचवले. तार ओवण्याचे भोक शेवटी पाडायचे, कारण खरवडताना खुंटी हळूहळू आत सरकत जाते आणि आधी पाडलेले भोक भिंतीआड जाऊ शकते. आमची खुंटी तब्बल अर्धा सेंटीमीटर आत गेली.

मेच्या अखेरीस पारा ४४ च्या वर होता, तेव्हा हीच खुंटी सटकू लागली. दांड्यावर खडू फिरवल्यावर थांबली. आता पाऊस सुरू झाल्यापासून ती घट्ट होऊ लागली आहे.

गिरणाकाठ, २१ जून, रात्री ८.००

आता खडू पुसून अंगाच्या साबणाची कोरडी वडी एकदा फिरवा. आणि तंबोरा कूलरच्या झोतात ठेवत असाल तर तातडीने हलवा. दिवसभर ओली हवा आणि कूलर बंद केल्यावर कोरडी हवा, हा खेळ खुंटीला सोसतो, तबलीच्या सांध्याला सोसत नाही.

बोरीकाठ, २१ जून, रात्री ८.४०

कूलर शेजारच्याच खिडकीत होता, हे कबूल करते. तंबोरा आता देवघराच्या भिंतीला टेकवला आहे.

एक शंका उरली आहे. तारा मागवताना दुकानदार नंबर विचारतात. माझ्या जुन्या पुडीवर ३० लिहिलेले आहे. परंतु त्याच नंबरची मागवलेली नवी तार हाताला फारच बारीक लागते.

खर्ज, २१ जून, रात्री ९.२५

नंबरांच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. ब्रिटिश पद्धतीत ३० नंबर म्हणजे ०.३१५ मिमी आणि अमेरिकन पद्धतीत ३० नंबर म्हणजे ०.२५५ मिमी. आपल्याकडची जुनी पुडी बहुधा पहिल्या पद्धतीची असते. यापुढे नंबर सांगू नका. जुनी तार मायक्रोमीटरने मोजून मिमी सांगा आणि जोडीसाठी पोलादी, खर्जासाठी पितळी असा धातूही स्पष्ट लिहा. मणके बसले का?

बोरीकाठ, २१ जून, रात्री ९.५०

बसले. हाडाचे चार नवे मागवले, जुने दोन जपून ठेवले आहेत. घोडीसाठी मात्र दिवाळीनंतर तंबोरा घेऊन जळगावहून गाडीत बसायचे ठरवले आहे, कारण पावसाळ्यात काढलेली जवारी हिवाळ्यात बदलते असे कारागिरांनीच सांगितले. तोवर रेघांवर सूत जरा सरकवून काम भागते, नाद थोडा चिरका येतो.

माझ्याकडे शिसवाच्या दोन कोऱ्या खुंट्या उरल्या आहेत, मुठीपाशी दांडा १९ मिमी. धुळे, जळगाव किंवा नंदुरबार भागात कोणाला हव्या असल्यास छिद्राची तीन मापे येथेच लिहावीत. बसण्यासारखी असेल तर पाठवून देईन.

सातपुडा, २२ जून, सकाळी ७.१५

दिलरुब्यासाठी त्या फारच जाड होतील. परंतु आमच्या गावच्या मंदिरात एक तंबोरा आहे, त्याची पंचमाची खुंटी गेल्या वर्षापासून कापडाची पट्टी गुंडाळून बसवलेली आहे. आज संध्याकाळी व्हर्नियर घेऊन जातो आणि मापे लिहितो.